ज्वालामुखीवरची हाक

माझ्या वडिलांना मी काका म्हणायचे आणि बाबा म्हणायचे ते त्यांच्या थोरल्या भावाला. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, पण आमच्या घरात त्याचं कुणालाच काही वाटत नसे. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात एकाच घरात आम्ही पाच पोरं वाढलो. चार थोरल्या भावाची आणि पाचवी मी. ती चौघं ज्यांना बाबा म्हणत त्यांना मीही बाबा म्हटलं, आणि ज्यांना काका म्हणत त्यांना काका. माझे वडील कुवेतला. वर्षातून एक महिना घरी येणार, पत्र्याच्या डब्यातून खजूर आणणार आणि परत जाणार. तेवढ्यात कोण कुणाचं तोंड दुरुस्त करतो? आईने दोनदा प्रयत्न केला होता म्हणे. मी तिला सांगितलं, "बाबा एक आहेत ना आपल्याकडे, आणखी कशाला?" तेव्हा मी चार वर्षांची होते. हा किस्सा आई पुढे सगळ्यांना हसत सांगायची. काका समोर असले तर मात्र सांगायची नाही.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा काकांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि आई आणि मी कुवेतमधल्या महबूलाला त्यांच्या फ्लॅटवर राहायला गेलो. पाचवा मजला, दोन खोल्या, आणि खिडकीतून समोर बघावं तर समोरच्या इमारतीच्या खिडक्या. समुद्र चालत दहा मिनिटांवर होता, पण बाहेर असं ऊन की दहा मिनिटं चालायचं धाडस कोण करणार? दिवसभर एसीची घरघर. गावी माझ्या कानाला कोंबड्यांची, रहाटाची, चुलतभावंडांच्या भांडणांची सवय. इथे नुसती ती घरघर, आणि ती बंद झाली की आणखी वाईट, कारण मग काहीच नाही. शाळा इंग्रजी. मी मराठी शाळेतून आलेली. वर्गात दोन मराठी मुली होत्या, त्यांच्याशी आशेने मराठीत बोलायला जावं तर त्या इंग्रजीत उत्तर देणार. मी मग डबा घेऊन जिन्याखाली बसायचे. माझी मुलगी हल्ली माझ्याशी अगदी तसंच बोलते, मी मराठीत आणि ती इंग्रजीत, तेव्हा त्या दोघींवरचा माझा जुना राग थोडा उतरतो. थोडाच.

काकांची नोकरी दस्मानच्या बाजूला एका ट्रॅव्हल ऑफिसात. पंधरा वर्षं ते लोकांची तिकिटं काढत होते. सकाळी आठ ते एक आणि पुन्हा चार ते आठ, मधल्या वेळात घरी येऊन जेवून एक डुलकी. आई खुबूस आणायला मला खालच्या बेकरीत पाठवायची. ती गरम पोळी कागदात गुंडाळून छातीशी धरून मी लिफ्टने वर यायचे, आणि आम्ही तिघं ती कुळथाच्या पिठल्याबरोबर खायचो. बोलणं जवळजवळ नाही. काका मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारायचे. गावात मी शुभी, शुभे, काहीही. इथे "शुभांगी, पाणी दे." पासपोर्टावर आहे तसं, एकही अक्षर न गाळता. नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर चुकलं तर माणूस विमानतळावरून परत येतो, असं ते सांगायचे, आणि त्यांच्या हातून असं कधीच झालेलं नव्हतं. ऑफिसात त्याबद्दल त्यांना फार मान होता. मला वाटायचं, यांना माझ्याशी काय बोलावं ते कळत नाही म्हणून हे तिकिटासारखं बोलतात. ते खरंही असेल. मला तरी कुठे कळत होतं?

खालच्या मजल्यावर रुखसानामावशी राहायच्या, रत्नागिरीकडच्या. एकदा त्या सुकटीची चटणी द्यायला आल्या आणि मी आत ओरडले, "काका, मावशी आल्यात!" त्या बघतच राहिल्या. "बापूस ना गो तुजा? मंग काका कशाला बोलतंस?" मी खांदे उडवले. काका बाहेर आले, हसले, म्हणाले, "गावची सवय आहे तिला." मावशी म्हणाल्या, "सवय मोडायची. पोर इतक्या लांब आली बापासाठी." काका वाटी घेऊन आत गेले. मला त्या बाईचा असा संताप आला! बापासाठी कोण आलं होतं? मला विचारलं कुणी होतं?

वर्षभर मी कशीबशी काढली आणि मग एका शुक्रवारी जेवताना सांगून टाकलं की मला परत जायचंय. दहावी गावच्या शाळेतून करीन. बाबा आहेत, भावंडं आहेत, सगळे आहेत. इथे मला करमत नाही. आईचा हात तसाच ताटात राहिला. कुवेतचा नियम सगळ्यांना पाठ असतो, सहा महिने बाहेर राहिलं की अकामा जातो, म्हणजे राहण्याचा परवानाच संपतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि ते जमेल याची खात्री नाही. मी गेले तर गेलेच, हे तिघांनाही माहीत होतं. काकांनी खुबूसचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण या सुट्टीत आपण तिघं कुठेतरी जाऊ. गावी नाही, दुसरीकडे. परत आल्यावर तू जे म्हणशील ते. तिकीट मी स्वतः काढीन."

आता कुवेतमधल्या आपल्या माणसाची सुट्टी म्हणजे गाव. दुसरा अर्थच नाही त्या शब्दाला. बॅगेत चॉकलेटं, अत्तरं, ब्लँकेटं भरायची आणि मुंबईचं विमान पकडायचं. त्यामुळे आम्ही इक्वेडोरला चाललोय हे ऐकून रुखसानामावशीसुद्धा म्हणाल्या, "ह्यो कुठला गाव?" काकांनी तो देश का निवडला याचं कारण सांगते. तिथे आपल्या पासपोर्टाला व्हिसा लागत नव्हता. बस. आयुष्यभर ज्याने लोकांच्या अर्जांवर फोटो चिकटवले, स्वतः शिक्क्यांसाठी रांगा लावल्या, त्या माणसाला एकदा तरी असं कुठेतरी जायचं होतं जिथे आत येऊ का म्हणून विचारायचं नाही. शिवाय म्हणाले, "तिथे ज्वालामुखी आहेत. शुभांगीला भूगोल आवडतो." मला भूगोल आवडत नव्हता. गावच्या शाळेत एकदा भूगोलात पहिली आले होते, ते बाबांनी त्यांना फोनवर सांगितलं असणार. एवढंच त्यांना माझ्याबद्दल ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर ते आम्हाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन निघाले. तेव्हा मी फक्त तोंड वाकडं केलं होतं.

दोन विमानं बदलून कीटोला, म्हणजे तिथल्या राजधानीत, पोचलो. शहर डोंगरावर, इतकं उंच की जिना चढला तरी धाप लागावी. आईचं पहिल्या दिवसापासून डोकं धरलेलं. पण काय थंडी होती! महबूलात अंडं फुटपाथवर शिजेल असं ऊन सोडून आलेलो आम्ही, एकावर एक स्वेटर घालून बसलो. शहराच्या भोवती डोंगरच डोंगर, आणि त्यातले बरेचसे ज्वालामुखी, असं आमचा ड्रायव्हर लुईस सांगायचा. लुईसला इंग्रजी येत होतं. गोल चेहऱ्याचा, सतत हसणारा माणूस. बटाट्याचं दाट सूप मिळायचं, वर चीज आणि फोडी कसल्या तर अव्होकाडोच्या, आणि बरोबर लाह्या. मक्याच्या लाह्या सूपमध्ये टाकून खायच्या. आईला ते भारी आवडलं. तिने कच्च्या केळ्याचे काप तळलेले पाहिले तेव्हा तर "अगं बाई, हे तर आपलंच!" म्हणून ती टाळ्या पिटायची बाकी राहिली. एका ठिकाणी मात्र सळईवर भाजलेलं उंदरासारखं काहीतरी दिसलं आणि तिने तो दिवस नुसत्या केळ्यांवर काढला.

तिसऱ्या दिवशी बाजारात तो प्रकार झाला. लोकरी टोप्यांच्या एका गल्लीत काका पुढे निघून गेले आणि मी मागून मोठ्याने हाक मारली, "काका! ओ काका!" आजूबाजूच्या बायका वळल्या. एक पोरगी फिदीफिदी हसायला लागली, मग तिची आई, मग पलीकडचा टोपीवाला. मी आणखी मोठ्याने ओरडले, "काकाऽऽ!" तर अख्खी गल्ली हसू लागली. मला कळेना माझं काय चुकलं. लुईस लालबुंद होऊन धावत आला आणि आईला बाजूला घेऊन हळूच काहीतरी म्हणाला. आईने तोंडाला पदर लावला आणि ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या भाषेत काका म्हणजे, काय सांगू, लहान मूल लंगोटात करतं ते. मी भर बाजारात, माझ्या बापाकडे बोट दाखवून, ते ओरडत होते. काकाही हसले. मी त्यांना इतकं हसताना पहिल्यांदाच पाहिलं, खांदे हलत होते त्यांचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी सूप पिताना काका सूपकडेच बघत म्हणाले, "मग इथल्यापुरतं दुसरं काहीतरी म्हण."

"काय म्हणू?"

"तुला काय वाटेल ते."

टेबलाखालून आईने मला पाय मारला. मला समजलं. इतकी काही मी मठ्ठ नव्हते. बाजूच्या टेबलावरची पोरं आपल्या बापाला पापा, पापा म्हणून त्याच्या ताटातलं उचलत होती, आणि काका तिकडे बघत नव्हते, म्हणजे अगदी ठरवून बघत नव्हते. एक शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द मी गावी कुणाला तरी देऊन बसले होते, ज्यांनी मला पोहायला शिकवलं, कांजिण्या झाल्या तेव्हा कडुलिंबाचा पाला आणून अंथरुणावर घातला. तो इथे द्यायचा म्हणजे तिथून काढून घ्यायचा, असं मला वाटलं. शिवाय लाजही वाटत होती. तेरा वर्षांच्या मुलीने अचानक बापाला बाबा म्हणायला लागायचं, ते कसं? मी "हं" म्हणाले आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना काहीच म्हणाले नाही. "अहो, इकडे बघा," "ऐकलंत का," असं नवऱ्याला बायका करतात तसं चालवलं. आई रात्री केस विंचरताना म्हणाली, "किती गं कोडगी तू."

मग कोटोपाक्सी. बर्फाची टोपी घातलेला तो ज्वालामुखी कीटोतून सकाळी दिसायचा आणि दुपारी ढगात जायचा. लुईसने गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत नेली. तिथून वर गिर्यारोहकांचं एक घर आहे, तिथवर कुणालाही पायी जाता येतं, सावकाश गेलं तर. आईचं डोकं फुटायला आलं होतं, ती गाडीतच बसली. काका आणि मी निघालो. पायाखाली काळी-तांबडी भुसभुशीत रेव, एक पाऊल वर टाकावं तर अर्धं मागे घसरावं. वारा असा की कानात शिट्ट्या. काका चार पावलं टाकून थांबायचे. त्या ऑफिसातल्या खुर्चीने त्यांचे पाय पार नाजूक केले होते. "तू हळूहळू पुढे हो," ते म्हणाले, "मी येतोच." मी पुढे झाले. त्यांच्याबरोबर न बोलता चालण्यापेक्षा एकटीने चालणं बरं, असं मनात म्हणाले. मला ते चांगलं आठवतंय.

धुकं कधी आलं ते कळलंच नाही. आत्ता वरचं पिवळ्या छपराचं घर दिसत होतं आणि आत्ता स्वतःचे बूट दिसेनात. पायवाट म्हणावी तर सगळीकडे तीच रेव. माझ्या डावीकडून शाळेच्या मुलांचा एक घोळका गेला, त्यांची बडबड ऐकू आली. मी त्या बाजूला चार पावलं गेले, तर बडबड दुसरीकडूनच. मग मी घाबरले. काका म्हणून ओरडायला तोंड उघडलं आणि ती मुलं आठवली. हसतील. आणि म्हणून, केवळ म्हणून, मी ओरडले, "बाबा!"

पहिली हाक लाजेपोटी होती, हे मी लपवत नाही. पण उत्तर आलं नाही, आणि दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गाव नव्हतं, विहीर नव्हती, थोरले बाबा नव्हते. चार पावलं टाकून थांबणारा, हातात माझी पाण्याची बाटली धरलेला तो माणूस होता. तो मला हवा होता. मी जीव खाऊन ओरडले, "बाबाऽऽ! बाबा, कुठे आहात!" आणि रडायला लागले.

ते माझ्या मागेच होते. फार तर दहा पावलांवर. धुक्यातून आधी त्यांचा मफलर दिसला, मग चेहरा. धावत आले असणार, कारण त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, श्वास घेतला आणि म्हणाले, "घाबरू नकोस. बाबा नाहीत इथे, शुभांगी. पण मी आहे."

त्यांनी मफलर काढून माझ्या कानांना बांधला. तेव्हा म्हणायला हवं होतं. तुम्हालाच हाक मारत होते, एवढंच. चार शब्द. माझे दात वाजत होते हे खरं, रडू आवरत नव्हतं हेही खरं, पण बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. मला लाज वाटली. इतक्या जवळून, तोंडावर, ते कसं सांगायचं, याची लाज. उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेवर, समोर बघतच, ते म्हणाले, "घरी गेल्यावर तुझ्या तिकिटाचं बघतो. संकटात ज्याची आठवण होते, तिथेच माणसाने राहावं. मला राग नाही, खरंच नाही." मी मान खाली घातली. त्यांना ती होकाराची वाटली. गाडीत आईने विचारलं, "काय झालं गं?" तर काकाच म्हणाले, "काही नाही, धुकं होतं."

हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायला वेळा पुष्कळ आल्या. पुढची कितीतरी वर्षं ते दर सुट्टीला गावी येत राहिले, मीही लग्न होऊन पुन्हा कुवेतलाच आले, अबू हलीफात संसार थाटला, आणि ते निवृत्त होईपर्यंत शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येत. मासे निवडताना, चहा गाळताना किती वेळा ओठांवर आलं. दरवेळी वाटायचं, आता काय त्याचं, इतकी वर्षं झाली, उगाच कशाला उकरायचं. मग ते गेले. थोरले बाबा त्यांच्या आधी गेले होते. आता हे सांगायला मला दोघांपैकी कुणीच उरलेलं नाही, म्हणून कागदाला सांगतेय.

इक्वेडोरहून परतल्यावर महिन्याभराने मी गावी निघाले. तेरा वर्षांच्या मुलीला विमानात कुणाच्या तरी स्वाधीन करायची सक्ती नव्हती, पण काकांनी हट्टाने ती सोय करून घेतली. विमानकंपनीची बाई मला आत नेणार, मुंबईत थोरले बाबा उतरवून घेणार. त्यासाठी एक फॉर्म असतो. मुलीला सोपवणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि उतरवून घेणाऱ्याचं नाव आणि नातं. काकांनी असे फॉर्म लोकांसाठी शेकड्यांनी भरलेले. विमानतळावर काउंटरला टेकून त्यांनी आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात तो भरला आणि पुढे सरकवला. आई माझे केस नीट करत होती, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचला, माझा पासपोर्ट उघडला, पुन्हा फॉर्म वाचला. "सर, आपने रिलेशन उलटा लिखा है," ती म्हणाली. "आपके नाम के आगे अंकल लिखा है, और वहाँ वाले के आगे फादर."

काकांनी कागद उलटा फिरवून स्वतःकडे घेतला. ज्यांच्या हातून कधी एक अक्षर चुकलं नव्हतं, त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "सॉरी, मॅडम. आदत नहीं है."

दोन्ही शब्द त्यांनी सरळ रेघ मारून खोडले आणि वर बारीक अक्षरात पुन्हा लिहिले. मग, का कोण जाणे, कागद त्या मुलीला न देता माझ्यासमोर धरला. स्वतःच्या नावापुढे लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना, शुभांगी?"

"हो काका," मी म्हणाले, "बरोबर आहे."